निरंक

सांगली, मंगळवार, संध्याकाळ

आज बरं वाटतंय. हळदीच्या गोदामात महिला तक्रार समितीची अध्यक्ष मी. दरवर्षी मॅनेजर अहवाल आणतात, ‘तक्रारी: निरंक’, आणि मी सही ठोकते. विचारलं होतं का कधी कुठल्या बाईला?

काल हळद निवडणारी शालन म्हणाली, “ताई, मुकादम लय अंगचटीला येतोय. मला लिवता येत न्हाई.” मी तक्रार लिहिली, तिनं खाली अंगठा उठवला. हळदीनं पिवळा.

आज मॅनेजरांनी आणलेल्या अहवालात पुन्हा तेच ‘निरंक’. मी ते खोडून ‘एक’ लिहिलं.

“मॅडम, खाडाखोड चालत नाही.”

“मग नवा कागद आणा,” म्हटलं. “त्यावरही ‘एक’ लिहीन.”