दाजींच्या गाडीचं कुंकू

देऊळगाव राजा,
मंगळवार, दुपारचे चार

ती. सौ. सुचिताताईस धाकट्या दीपकचा नमस्कार. इकडे आम्ही सगळे खुशाल. तुझ्या कंबरेचं कसं आहे? दाजींचा खोकला पुण्याच्या हवेत थांबला का? (थांबला नसेल तर निवांत औषधपाणी करा, परतायची मुळीच घाई नको.) फोन सोडून पत्र लिहितोय आणि पाकीट काजल सूनबाईच्या नावाने टाकतोय, कारण तुझा फोन दाजी उचलतात आणि लगेच स्पीकरवर टाकतात.

पुण्याच्या गर्दीत गाडी चालवायची नाही म्हणून दाजी आपली पांढरी गाडी आमच्या अंगणात ठेवून गेले, आणि जाताना बजावून गेले की ती फाटकाबाहेर काढायची नाही. ताई, बालाजीची शपथ, गाडी फाटकाबाहेर गेली नाही. ती फाटकातच राहिली. झालं असं की जयमालाच्या माहेरी, सुलतानपूरला, बारसं होतं आणि दारात गाडी असताना बसने जायला ती तयार नव्हती. मी बेताने वळवली, तरी डावीकडच्या मागच्या दाराला फाटक घासलं आणि हातभर हिरवा पट्टा उमटला. (फाटकाचा हिरवा रंग तूच पसंत केला होतास, हे आपलं सहज आठवलं.) जयमालाने उतरून पट्टा पाहिला आणि ती बसस्टँडकडे चालू लागली. मी मात्र पायरीवर बसून राहिलो. दाजींनी वीस वर्षांत मला स्वतःची छत्रीसुद्धा दिलेली नाही. पहिल्यांदाच विश्वासाने किल्ली हातात ठेवली होती, आणि मी हे करून बसलो. फार वाईट वाटलं गं.

मग मोबाईलवर व्हिडिओ पाहिले. त्यातला माणूस म्हणाला, घाबरू नका, पट्टा गाडीच्या रंगात शिरलेला नाही, फाटकाचा रंग वर चिकटलाय एवढंच. आधी साबणाच्या पाण्याने धुवा, सावलीत उभी करा, मऊ फडक्यावर थोडं पॉलिश घ्या आणि हलक्या हाताने गोल गोल चोळा. मी तस्सं केलं, आणि तासाभरात हिरवा रंग गेला! पण तेवढा तुकडा असा चमकायला लागला की बाकीची गाडी त्याच्यापुढे आजारी दिसू लागली. मग अख्खी गाडी चोळणं आलं. तीन दिवस चोळली. माझा उजवा खांदा आता वर जात नाही. शेजारच्या किसनरावांना नमस्कारसुद्धा डाव्या हाताने करतो आणि ते रागावतात. शेवटी वॅक्स लावायचं राहिलं. जयमालाने विचारलं, वॅक्स म्हणजे काय? मी म्हणालो, मेण. इथेच घात झाला.

आपल्या पंचफुला आत्या आठ दिवसांसाठी उंद्रीहून आल्या आहेत आणि तो 'मेण' शब्द त्यांनी आतून ऐकला. त्या अजून जुन्या पद्धतीने कपाळाला आधी मेण आणि त्यावर कुंकू लावतात (आत्यांचे यजमान ठणठणीत आहेत, त्यामुळे मेणाची डबी चालू आहे). मी दाराला वॅक्स लावून ते वाळेपर्यंत चहा प्यायला आत गेलो. बाहेर येऊन पाहतो तर आत्या करंडा घेऊन गाडीपाशी बसलेल्या आणि पांढऱ्या दारावर ओळीने अकरा बोटं कुंकू.

"आत्या, हे काय केलं?"

"काय केलं म्हंजे? मेण लावून तसंच कोरडं काऊन ठेवलं बे? लक्ष्मी हाये ते घरची. मेणावर कुंकू नाही लावत का कोणी?"

मी घाबरून फडकं फिरवलं आणि ते कुंकू दारभर पसरलं. धुऊन धुऊन बरंचसं निघालं, तरी जिथे हिरवं होतं बरोबर तिथेच आता तळहाताएवढं गुलाबी आहे. बाकी सगळं ठीक. दाजींना साष्टांग, हर्षल-काजलला आशीर्वाद.

तुझा भाऊ,
दीपक

ता. क. बंपर चोळताना तुझं 'बालाजी प्रसन्न'चं स्टिकर फडक्यात अडकून निघालं. त्याखाली एक पिवळा पट्टा आहे. आपल्या ओट्याचा पिवळा. मागच्या दिवाळीत तू 'गाडी जरा सावलीत लावते' म्हणालीस आणि दुसऱ्याच दिवशी भक्तिभावाने ते स्टिकर आणलंस, ते आठवलं. ओट्याचा कोपरा फुटला म्हणून मी पाण्याच्या टँकरवाल्याला सहा महिने बोललो, ताई! असो. देवळापुढून दोन स्टिकर आणली आहेत, एक तुझ्या पिवळ्यावर, एक माझ्या गुलाबीवर. तू दाजींना एवढंच सांग की दुसऱ्या स्टिकरचा नवस तूच बोलली होतीस. मग मी ओट्याबद्दल काही बोलत नाही.

ता. ता. क. पाकीट चिकटवता चिकटवता बाहेर जाऊन आलो. बंपरवरचा पिवळा पट्टा आत्यांना हळदीचा वाटला. नुसती हळद बरी दिसत नाही म्हणून त्यांनी तिथेही मेण आणि कुंकू लावलं आहे, आणि या खेपेला पुसूनसुद्धा त्यांनीच पाहिलं. आता स्टिकर पुरत नाही. नवस जरा मोठा सांग.