इबोयाच्या पट्ट्यातलं गवत

निरासो, १२ ऑगस्ट

चि. इबोया हिस,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे बरे. लाल गाय व्यायली, कालवड झाली. आलुबुखार यंदा झाडाला मावत नाहीत. कोलोझवारच्या उकाड्यात मुली कशा आहेत ते कळव.

तुझ्या पट्ट्यातलं गवत जुलैतच कापलं गेलं. दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच सांगते. आईमागे ओढ्याकाठचं कुरण आपण वाटून घेतलं तेव्हापासून दोन्ही पट्टे आरोनच कापतो. माझा वेळेवर, तुझा मात्र सप्टेंबर उजाडल्याशिवाय नाही. का, तर रक्तगवताच्या लाल बोंडांत तुझी ती निळी फुलपाखरं अंडी घालतात. लहानपणी त्यांच्यासाठी तू विळ्यापुढे आडवी पडायचीस. ते मला आठवतं, आणि त्यालाही.

जेवताना तोंड न उघडणारा हा माझा नवरा त्यांच्याबद्दल बोलायला लागला की थांबत नाही. म्हणे अळी बोंडातून खाली पडते, लाल मुंग्या तिला आपलीच समजून वारुळात नेतात आणि ती त्यांचीच पिल्लं खाऊन माजते. मी म्हटलं, "भारीच आहे की बया!" तो हसला नाही.

लग्नाआधी तो आपल्या फाटकाशी कोणासाठी घुटमळायचा, ते मला ठाऊक आहे. तू नाही म्हणालीस, म्हणून मी.

तो मेंढवाड्यावर गेला आणि मी गावाला कालाकाची हाक दिली, सगळ्यांनी मिळून कापून द्या म्हणून. अशा हाकेला कोण नाही म्हणणार? सकाळीच सगळे लांब दांड्याचे विळे घेऊन हजर. म्हातारा मोझेश म्हणाला, "काय गं रोझालिया, नवऱ्याला विचारलंस का? इथे तर तो टोपी काढून शिरतो!"

"कापा हो काका. आलुबुखाराची पालिंका पाजतेय ना मी? मग बडबड नको."

दुपारपर्यंत पट्टा भुईसपाट झाला. कापणाऱ्यांना पाव वाढताना मी चक्क गुणगुणत होते.

आरोन परतला. त्यानं ओरडावं अशी माझी इच्छा होती. तो खाली बसून बोंडं उलगडत राहिला. "अंडी होती गं यात. थोडं थांबली असतीस तर मुंग्यांनी नेलं असतं अळ्यांना." मग म्हणाला, "आता इबीला काय सांगायचं?"

उरलेली फुलपाखरं माझ्या पट्ट्यात आली. चारा संपला म्हणून तो मी यंदा मेमध्येच कापून घेतला होता, तिथं रक्तगवत पुन्हा बोंडावर आलं होतं. आता आरोन रोज माझ्या पट्ट्यात गुडघे टेकून बसतो. काल मीही शेजारी जाऊन बसले. त्यानं हात धरला, हलू नकोस म्हणून. कितीतरी दिवसांनी धरला गं. एक मादी पोट वाकवून बोंडात अंडं घालत होती. तो तिच्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे. मग तो हळूच म्हणाला, "इबी असायला हवी होती."

पुढल्या उन्हाळ्यात येईन असं तू लिहिलं आहेस. येऊ नकोस. माझा तुझ्यावर जीव आहे, आणि तू लांब राहिलीस तरच तो राहील.

तुझी थोरली,
रोझालिया