दोन बिल्ले

लालबाग, मुंबई १२
रविवार, ता. १५ एप्रिल १९५६

प्रिय गुणाजी,

जयवंताचा नमस्कार. घ्यायचा की परत पाठवायचा, ते तू ठरव. आधीच्या दोन पत्रांना तुझं उत्तर नाही, पण ती परतही आली नाहीत. म्हणजे पोस्टमनच्या हातून तू ती घेतलीस तरी. तेवढ्या आधारावर हे तिसरं लिहायला बसलो आहे.

गाळ्यात सगळे खुशाल. खिडकीखालची तुझी जागा राजारामभाऊंनी महिनाभर कुणाला दिली नव्हती, आता तिथे देवगडचा एक जण निजतो. घोरतो असा की गिरणीचा भोंगा बरा. परवा खानावळीत भात वाढताना कमलाबाई म्हणाल्या, "गुणाजीक इचारा, माका इसारलो काय तो? बांगड्याची शेपटी काढून ठेवतंय, नि खाता मांजार." सगळे हसले. मीही हसलो.

कारखान्यात आपली तिसऱ्या वर्षाची परीक्षा झाली. तोच चौकोनी भोकात चौकोनी ठोकळा. चारही बाजू फिरवून बसला पाहिजे आणि कुठूनही उजेड दिसता कामा नये. दोन आठवडे कानस मारून माझ्या तळहाताची सालं निघाली. बुधाजी मिस्त्रींनी ठोकळा दिव्यासमोर धरला, तर तिसऱ्या बाजूला केसाएवढी फट. म्हणाले, "गुणाजीच्या हातचा असता तर ही दिसली नसती." मग पास केलं मला.

मागच्या दोन्ही पत्रांत मी इथवरच आलो होतो. इथे आलं की पेन ठेवायचो आणि 'बाकी ठीक' लिहून मोकळा व्हायचो. बाकी काही ठीक नाही, गुणाजी.

गाळ्यात मी सांगितलंय की एकवीस नोव्हेंबरला मीही फ्लोरा फाउंटनला होतो. राजारामभाऊ आल्यागेल्याला सांगतात, "आमचे दोन झील मोर्च्यात होते. एकाचो हात मोडलो, एक वाचलो." लोक माझ्या पाठीवर हात ठेवतात. तुलाही मी तेच सांगितलं, काळाचौकीला गर्दीत चुकामूक झाली म्हणून. चुकामूक झाली नव्हती. 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र' म्हणून ओरडत तू पुढे गेलास, मी चपलेचा अंगठा तुटल्याचं निमित्त करून मागे राहिलो आणि गल्लीतून रे रोडला कारखान्याकडे वळलो. गैरहजर राहील त्याचा शिकाऊ उमेदवारीचा करार रद्द, अशी नोटीस शनिवारी फाटकावर लागली होती. आपण दोघांनी मिळून वाचली होती ती. तू हसला होतास. माझ्या डोळ्यांपुढे बाबा आले, पंचवीस वर्षं गिरणीत कापूस गिळून खोकणारे, 'तू तरी लोखंडात जा' म्हणून कंपनीच्या दारात चार वेळा उभे राहिलेले. पण त्यांच्यावर कशाला ढकलू? मी भ्यालो.

फाटकाशी आलो तर बोर्ड भरलेला. रोज भोंग्याच्या वेळी बोर्डावर नुसते खिळे उरतात आणि बिल्ले हजेरीच्या पेटीत पडलेले असतात. त्या दिवशी ज्यानं त्यानं आपला बिल्ला खिळ्यावरच राहू दिला होता. एवढं पितळ एका जागी मी कधी बघितलं नव्हतं. माझा ३१७, शेजारी तुझा ३१६. मी माझा काढला, तर ती जागा दात पडल्यासारखी दिसायला लागली. टाइमकीपर बाहेर दगडफेकीकडे बघत होता. मी तुझाही काढला. पहिला पेटीत खणकन वाजला, म्हणून दुसरा बोटांनी अलगद सोडला.

तुला वाचवायला टाकला, असं मी कितीतरी दिवस स्वतःला समजावलं. तुलाही तसंच लिहिणार होतो. ते खरं नाही. तुझा बिल्ला लटकत राहिला असता, तर एक गेला आणि एक वळला हे कुणालाही दिसलं असतं. दोन्ही पेटीत पडले की दोघे सारखे. मला एकट्याला फितूर व्हायचं नव्हतं, म्हणून तुला बरोबर घेतलं.

आणि गंमत बघ. त्या दिवशी चाळीस उमेदवार आले नाहीत. एवढ्यांना कोण काढणार? एकेक ताकीदपत्र हातात ठेवून सोडून दिलं सगळ्यांना. तुझा बिल्ला मी हातही न लावता ठेवला असता, तर तूही त्यांच्यात सुटला असतास. पण लाठीनं मोडलेला हात घेऊन तू इस्पितळात, पोलिसांनी तुझं नाव लिहून घेऊन कंपनीला कळवलं, आणि कंपनीच्या वहीत तू हजर. मोर्चाला गेलास हे चाललं असतं. खोटी हजेरी चालली नाही.

साहेबांनी तुला विचारलं, "बिल्ला कोणी टाकला?" तुझा हात गळ्यात बांधलेला, म्हणून तुझी पिशवी धरून मी दाराशी उभा होतो. तू म्हणालास, "ठाऊक नाही." माझ्याकडे बघितलंही नाहीस. तेव्हाच मला कळलं की तुला कळलंय. एक शब्द बोललो असतो तर जागा माझी गेली असती, तुझी राहिली असती. मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

भाऊच्या धक्क्यावर बोटीत चढताना तू एवढंच म्हणालास, "माझ्या कानशीक गंज चढाक देऊ नको." मी हो म्हणालो.

गेल्या सोमवारी मी साहेबांच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. चार वाक्यं इंग्रजीत पाठ केली होती, ती विसरलो आणि मराठीतच बोलत सुटलो. त्यांनी ऐकून घेतलं. लिहून काही घेतलं नाही. म्हणाले, ती जागा फेब्रुवारीत भरली, आणि मोडक्या हाताचा फिटर कंपनीच्या काय कामाचा? मी म्हणालो, मग मला काढा. ते हसले. "त्या दिवशी आलेली मुलं कंपनीच्या लक्षात आहेत. जा, कामाला लाग." गुणाजी, मी कामाला लागलो.

गावाहून तुझ्या कांताताईचं पत्र राजारामभाऊंना आलं होतं. तुझी बोटं मिटत नाहीत, कोयता धरवत नाही. आणि लबाडी करून आलास म्हणून आबा पोटच्या मुलाशी बोलत नाहीत, तुझं ताटही वेगळं मांडतात. हे पत्र त्यांना वाचून दाखव. मीच त्यांना लिहायला हवं, तीनदा लिहिलंही, पाकिटावर नाव घातलं आणि ट्रंकेत ठेवून दिलं. तू दाखवलंस तर माझ्या आईला गावच्या विहिरीवर जायची सोय उरणार नाही. ते तुला कळेल, आणि तू दाखवणार नाहीस. म्हणजे आजही मी तुझ्या गप्प बसण्यावरच विसंबून आहे. मला हे दिसतंय, तरीही पत्र असंच टाकणार आहे.

तुझी कानस दर शनिवारी ब्रशानं साफ करून तेलाच्या फडक्यात गुंडाळतो. गंज नाही.

३१६ आता दुसऱ्या कुणाचा आहे, तो माझ्याआधी येतो. उद्या सोमवार. मी माझा बिल्ला टाकीन, तो वाजेल, आणि रोजच्यासारखा दुसरा वाजायची वाट बघत पेटीशी उभा राहीन. मागून लोक ढकलतात, मग आत जातो.

तुझ्या शेजारच्या खिळ्यावरचा,
जयवंत