वर्दीतल्या मास्तरची कैफियत

तीर्थरूप मुक्ताआत्या हिस,

सुदर्शनचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. (कागदावरून ठेवता येत नाय, पण तू पोचला असं समज.) गुडघे कसे आहेत? मी पाठवलेलं तेल लावतेस, का बाटली फळीवर ठेवून आल्यागेल्याला दाखवतेस? म्हैस व्याली का? चितेगावात पाण्याचं कसं आहे? मी मजेत आहे. फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. तर तू फोन स्पीकरवर टाकतेस, आणि माझं बोलणं तुझ्याआधी शेजारच्या सरूबाईला कळतं. ही गोष्ट तिला इतक्यात कळायला नको.

तुला एकटीलाच माहीत आहे की मी इथं विद्यापीठात पहिली-दुसरीच्या पोरांचा मास्तर व्हायचं शिकतोय. तात्यांना (म्हणजे तुझ्या धाकट्या भावाला, जो अख्ख्या जगात फक्त तुझ्यापुढं गप्प बसतो) अजून वाटतं की मी फौजदाराच्या परीक्षेला बसणार. मी खोटं बोललो नाय हं. "अभ्यास चालूय ना?" असं ते विचारतात, मी "लई जोरात" म्हणतो, आणि तो खरंच जोरात आहे.

काय अभ्यास म्हणशील, तर खऱ्या पोरांपुढं सोडायच्या आधी आम्हाला एकमेकांवरच प्रयोग करायला लावतात. एकानं मास्तर व्हायचं, बाकीच्या मिशीवाल्यांनी पहिलीतली पोरं. माझा दोस्त सत्यम, उभा राहिला तर अख्खं दार अडेल असा गडी, पण पोराच्या भूमिकेत असा शिरला की "मला आईकडं जायचंय" म्हणून त्यानं भोकाडच पसरलं. काही केल्या थांबेना. आम्हाला शिकवणाऱ्या अपेक्षा मॅडमनी माझ्या वहीत शेरा मारला, 'मूल शांत करता आले नाही.' (शेवटी समोशानं शांत झालं, पण समोसा माझ्या टाचणात नव्हता.) टाचण म्हणजे उद्या काय शिकवायचं ते आधी लिहून काढायचं. त्यातला कहर असा की पोरं काय उत्तर देतील तेही आपणच लिहून ठेवायचं! मी लिहिलं होतं, 'पोलीस काय करतात? आपले रक्षण करतात.' आणि आम्हाला सरावाला दिलेल्या पडेगावच्या शाळेत पहिलीच्या वर्गात विचारलं, तर एक पोरगं ताडकन उठून म्हणालं, "सर, माझ्या पप्पांची गाडी धरतात." दुसरं म्हणालं, "माझ्या पप्पांची पण!" मग अर्धा वर्ग आपापल्या पप्पांच्या गाड्या सांगायला लागला.

तो धडा होता 'आपले मदतनीस', आणि नाट्यीकरण करून शिकवा असा मॅडमचा हुकूम होता. मी औरंगपुऱ्यातल्या नाटकाचे कपडे भाड्यानं देणाऱ्या दुकानातून फौजदाराची वर्दी आणली. मापात बसणारी तेवढीच होती, नायतर पोस्टमनच होणार होतो, देवाशपथ. वर्दी मला अशी बसली की शाळेच्या शिपाई काकांनी उठून सलाम ठोकला. सत्यमनं फोटो काढला आणि वर 'साहेबांचा पहिला दिवस' असं लिहून स्टेटसला ठेवला. तो आपल्या अभयनं पाहिला, आणि काकाच्या पोराचं कर्तव्य म्हणून गावाच्या ग्रुपवर टाकला.

पुढचं तू ऐकलं असशीलच. गावच्या सोसायटीच्या अप्पारावांनी चौकात बॅनर लावलं, 'फौजदारपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन', आणि रविवारी सत्कार ठेवला. मी तात्यांना खरं सांगायला फोन उचलला, तर त्यांचाच आला. नुसतं नाक ओढत होते. आत्या, मी तात्यांना रडताना कधी ऐकलं नव्हतं. शेवटी त्यांनी विचारलं, "ठाणं कोणतं मिळालं?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "पडेगाव."

बाकी इकडं सर्व क्षेम. ऊन फार आहे, डोक्याला पदर बांधून बाहेर पड. लहानांना गालगुच्चे, मोठ्यांना नमस्कार.

तुझा भाचा,
सुदर्शन

ता. क. तेल, म्हैस वगैरे सगळं निमित्त होतं. रविवारच्या आत तू माहेरी गावाकडं जा आणि तात्यांना खरं सांग. तू सांगितलं तर ते ऐकतील, मी सांगितलं तर खचतील. शिव्या खायला मी येतो मागून. पण एक नक्की सांग, की मला हे काम सोडायचं नाय. फौजदार होता येत नाय म्हणून मी मास्तर होत नाय. ही पोरं मला लई आवडतात.

ता. क. दुसरा. पत्र टाकायचं राहिलं ते बरंच झालं, वरची विनंती रद्द समज. आज मी वर्गात बेडूक होऊन उड्या मारत होतो आणि दारात तात्या! ठाण्यातल्या शिपायांना वाटायला पेढ्यांचा पुडा घेऊन आले होते. चहाच्या टपरीवर माझा फोटो दाखवून पत्ता विचारला, तर टपरीवाल्यानं सरळ शाळेत पाठवलं. माझे हातपाय जमिनीवर, उठावं तरी पंचाईत. पोरं ओरडायला लागली, "सर, उडी मारा ना!" मारली. तात्या चपला काढून आत आले, मागं सतरंजीवर मांडी घालून बसले, आणि तास संपेपर्यंत हलले नाय. माझ्याकडं बघतायत का भिंतीकडं, तेही कळंना. घंटा झाली तशी एक चिमुरडी त्यांच्याजवळ गेली आणि तिनं विचारलं, "बाबा, तुम्ही कुणाचे आजोबा?"

तात्यांनी पुडा सोडला, तिच्या हातावर पेढा ठेवला आणि म्हणाले, "आजोबा नाय गं बाई. मी ह्या मास्तरांचा बाप."