चौथा अंक

२ नोव्हेंबर
पोचले. वीस वर्षं सख्या, दासी, शेजारणी आणि एकदा तर नुसती दारामागची किंकाळी केल्यावर अखेर राणी मिळाली. नाटक दीडशे वर्षांपूर्वीचं. तीन अंक राणी राज्य सांभाळते, चौथ्यात तिला मूल गेल्याचं कळतं आणि वेड लागतं. नाट्यगृहाच्या वरच्या मजल्यावरच मला खोली दिलीय. खिडकी मोठी, पलंग करकरणारा, नळाला कोमट पाणी, तक्रार नाही. दिग्दर्शकांना सगळे मास्तर म्हणतात. प्रॉम्प्टरचं टोपणनाव कुजबुजे, कारण तो चहासुद्धा कुजबुजतच मागतो. रंगभूषा करणाऱ्या बाई म्हणाल्या, तुमचा चेहरा छान कोरा आहे. कौतुकच समजले. ताईला फोन करून सांगितलं, तुझ्या बहिणीला एकदाचा मुकुट मिळाला. ती म्हणाली, नीट जेवत जा म्हणजे झालं.

५ नोव्हेंबर
तीन अंक सुरळीत. चौथ्यावर गाडी अडली. मास्तरांना केस मोकळे हवेत, नजर छताला, मधेच हसू, मधेच गाणं. जुन्या नाटकांत राजा असो की दासी, सगळ्यांना एकाच साच्यातलं वेड लागतं, आणि ते दिसायलाही देखणं. आमची धाकटी मावशी खरंच वेडी होती. दिवसभर एकच टॉवेल घडी करायची आणि आल्यागेल्याला अगदी शांतपणे विचारायची, जेवलात का. त्या शांतपणाची आम्हाला धडकी भरायची. मी तसं करून दाखवलं. मास्तर म्हणाले, तुमच्या मावशीला तिकीट काढून कोण बघायला येणार? सगळे हसले. मीही हसले, पण डोक्यात तिडीक गेली.

९ नोव्हेंबर
चार दिवस तेच एक पान. ओरडले तर म्हणतात खोटं, हळू बोलले तर म्हणतात ऐकू येत नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. आज मी स्पष्ट विचारलं की मग तुम्हाला हवंय तरी काय. म्हणाले, तुम्ही वेडाचं सोंग करताय, ते तुम्हाला लागायला हवं. पालथ्या घड्यावर पाणी.
केस विंचरताना रंगभूषेच्या बाईंना माझ्याआधी राणी करणाऱ्या नटीबद्दल विचारलं. फार छान करायच्या, शेवटी शेवटी तर त्यांना काही सांगावंच लागत नसे, असं म्हणाल्या. आता कुठे असतात? बाईंनी कंगवा धुवायला नेला.

१३ नोव्हेंबर
सकाळी कँटीनमध्ये बिनसाखरेचा चहा मागायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, “माझ्या पाळण्याला कुणी हात लावला?” चौथ्या अंकातलं वाक्य. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. मी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच, जास्त चढ्या आवाजात. शेवटी कपाकडे बोट दाखवलं.
कुजबुजे खुशीत होता. आधीच्या राणीचंही असंच सुरू झालं होतं, म्हणाला. चांगलं लक्षण आहे.

१५ नोव्हेंबर
बोलायला जाते ते माझं, निघतं ते राणीचं. लिहिता मात्र येतं. म्हणून डॉक्टरांकडे चिठ्ठीच घेऊन गेले: माझ्या तोंडून माझे शब्द येत नाहीत, मदत करा. त्यांनी वाचली, माझे दोन संवाद ऐकले, आणि तयारी जोरदार आहे म्हणाले. पहिल्या प्रयोगाचे दोन पास मागितले.
वैताग वैताग झालाय. आग लागलीय म्हणून ओरडावं आणि लोकांनी शेकायला बसावं, तसं.

१६ नोव्हेंबर
स्टेशनवर गेले. तिकिटाच्या खिडकीशी राणी बोलली. मागच्या माणसाने पोस्टरवरून ओळखलं. भला माणूस. मला हाताला धरून इथे परत आणून सोडलं.
ताईला मेसेज पाठवला — ताई, मला घरी ने. इथे मला कुणी ओळखत नाही. माझे शब्द, माझ्या बोटांनी. तीनदा वाचून मग पाठवला.

१९ नोव्हेंबर
ताई आली. तालीम चालू होती, मास्तरांनी तिला पहिल्या रांगेत बसवलं. चौथ्या अंकात राणी आपल्या बहिणीचे पाय धरते. काल मास्तरांनी तिथे नवं वाक्य घातलंय. मी कागद हातात घेऊन वाचला. ताई, मला घरी ने. इथे मला कुणी ओळखत नाही.
मी ते कुणाला दाखवलं नव्हतं.
तालीम संपल्यावर विंगेत ताईला घट्ट मिठी मारली. तोंडून तेवढंच निघालं, तेच. ती रडत होती, हसत होती.
“अगं, मेसेजमध्येसुद्धा संवादच पाठवलास होय? मी किती घाबरले होते.”
मी मान हलवली. नाही, नाही. तिने माझे केस नीट केले, कपाळाला हात लावून पाहिला. म्हणाली, आईने हे बघायला हवं होतं.
चारच्या गाडीने गेली.

२२ नोव्हेंबर
माझा पहिला प्रयोग. दुपारचा. ठरवून ठेवलं होतं — चौथ्या अंकात थांबायचं, जीव गेला तरी थांबायचं. थांबले. दातांखाली जीभ दाबली, रक्त आलं, आणि माझा आवाज आला. माझा. साधा, बसका, कँटीनमधला.
“हे नाटक नाही. मी आजारी आहे. कुणीतरी माझ्या बहिणीला फोन करा.”
पहिल्या रांगेत डॉक्टर. मी त्यांच्याकडे पाहिलं, हात जोडले. ते उठले. मला वाटलं, येताहेत —
टाळ्या वाजवायला उठले होते. मग सगळेच उठले.
विंगेत कुजबुजे वाक्य उतरवून घेत होता.
मास्तर म्हणाले, “आता जमलं. उद्यापासून हेच.”

२३ नोव्हेंबर
मी आजारी आहे, हे आता पान एकोणनव्वदवर आहे. सकाळी बाईंना तेच सांगितलं. त्या म्हणाल्या, इथे जरा थांबायचं असतं ना?
जे माझं म्हणून बोलते ते त्यांचं होतं. गप्प बसावं तर — मास्तर म्हणाले, ही शांतता अप्रतिम —
जेवण वर पाठवतात. दाराची कडी बाहेरून. नजर लागू नये म्हणून, म्हणे.

२४ नोव्हेंबर
कुजबुजे येऊन गेला. तुम्ही रोज काहीतरी लिहिता, असं मास्तरांच्या कानावर आलंय. त्यांना वही हवीय. पाचवा अंक लिहायचाय.
पाचवा अंक नव्हता या नाटकाला.
फाडू का. फाडली तर माझं काय उर — जिन्यावर मास्तर. कडी काढताहेत. ताई, हे वाचशील तर हे संवाद नाहीत, हे मी, तुझी