हंसाआक्काचा दुसरा फोटो

मारेगाव, ७ जानेवारी २०२४

चि. दीपमालास,
आत्याचा सप्रेम जयभीम व अ. उ. आशीर्वाद.

तू विणलेला स्वेटर पोचला. बाह्या एखाद्या माकडाच्या मापाच्या आहेत, तरी घालते.

पण मन थाऱ्यावर नाही. कापसाच्या वेचणीत पऱ्हाटीची काडी लागून हंसाआक्काच्या डोळ्याला जखम झाली, तेव्हा गावातल्या नेत्रशिबिराच्या डॉक्टरांनी फोटो काढला होता. आता तो मुकुटबनच्या बसस्टँडवर, त्यांच्या संशोधनाच्या फलकावर लागला आहे. तिला विचारलंसुद्धा नाही. ओळख लपवायला नाक-तोंड काळं केलं आणि कपाळावरचं गोंदण तसंच ठेवलं! पोरं तिला फोटोवाली म्हणून चिडवतात. ती घराबाहेर पडत नाही.

मी कॉन्व्हेंटात होते तेव्हा माझे पांढरे मोजे हीच माझी बहीण रोज धुवायची. तिथल्या सिस्टर आम्हाला क्षमा करायला शिकवत. त्या विषयात मी नापास. त्या डॉक्टरांचा सशांवरच्या प्रयोगांचा अर्ज परवानगीसाठी तुमच्या समितीपुढे आहे ना? हाणून पाड.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी, सत्यशीलाआत्या

नागपूर, १५ जानेवारी

ती. आत्यास,
दीपमालाचा सविनय जयभीम. वि. वि.

पत्र वाचून मलाही संताप आला. पण अर्ज चोख आहे. ससे मोजकेच, भूलही नीट. आपल्या रागापायी तो पाडला, तर त्यांच्यात नि माझ्यात फरक काय? कारण सांगून मी त्या बैठकीतून बाहेर राहते आहे. फोटोची तक्रार मात्र त्यांच्या संस्थेकडे लेखी केली आहे.

आणखी एक. त्यांचा अभ्यास औषधाआधीच्या आणि नंतरच्या फोटोंच्या जोडीवर उभा आहे. दुसऱ्या फोटोसाठी ते येतील. नाही म्हटलं तरी उपचार थांबवता येत नाहीत, एवढं हंसाआत्याला सांग.

गुडघ्याला तेल लाव. लोभ आहेच, तो वाढव.
तुझी, दीपा

मारेगाव, ३ फेब्रुवारी

चि. दीपास, स. जयभीम.

फलक उतरला. काल डॉक्टर आले. आक्काने डोळा तपासून घेतला, थेंबांची बाटली मागून घेतली आणि कॅमेरा पुढे येताच पदर हनुवटीपर्यंत ओढला. डॉक्टरांनी माफी मागितली, फक्त बुबुळाचा फोटो घेतो म्हणाले. आक्का म्हणाली, "पयला मले न इचारता लोकायले दाखवला. आता इचारून राह्यले, तं आयका. नाही."

तिच्यामागे रांगेतल्या वेचणीच्या बायांनीही एकेक करून पदर ओढले. डॉक्टर एकही फोटो न घेता गेले. खोटं कशाला बोलू, मला फार गोड वाटलं.

नंतर मात्र टोचलं. त्या अभ्यासाने पुढच्या कुणाचे डोळे वाचले असते तर? आक्काला तसं विचारलं. ती थेंब घालून डोळे मिटून पडली होती. तशीच म्हणाली, "पुढच्यायले आता आधी इचारतीन."

आमच्यावरचा जीव असाच राहू दे.
तुझी, आत्या