दवाखान्यात ठेवलेली ओटीची साडी

नाना, तुम्ही गेलात तेव्हा एक निकाल यायचा राहिला होता. तो तुम्हाला कळवायचं काम माझं, कारण निरोप पोचवण्याचाच मला पगार होता. उशीर झाला खरा. पण संस्कृत घेऊन एम.ए. झालेल्या माणसाकडून वेगाची अपेक्षा तुम्हीही कधी केली नव्हतीत.

धुळ्याच्या सरकारी दवाखान्यातली आपली ती मागची खोली अजून डोळ्यांपुढे आहे. दारावर पाटी नाही, नुसता आकडा, आणि तरी आत काय चालतं ते अख्ख्या गावाला ठाऊक. तुम्ही गुप्तरोगाचे डॉक्टर, मी तुमचा समाजसेवक. "शास्त्रीबुवा, तुमचं काम एका वाक्याचं," तुम्ही पहिल्याच दिवशी बजावलंत, "बाईला म्हणायचं, तू सुई घेतलीस, आता मालकालाही आण." वस्तीतल्या बाया आपल्या कायमच्या माणसाला मालक म्हणायच्या. गिऱ्हाइकं येत-जात, मालक एकच, त्याच्यासाठी स्वयंपाक व्हायचा, तो खोकला तर काढा व्हायचा. त्याला औषध मिळावं म्हणून बाया एका पायावर तयार असत. पण मालक येत नसत. दुखणं तुझ्या धंद्याचं, माझ्या माथी कशाला मारतेस, असं म्हणत, आणि एखादा तेवढ्यावरून तिला सोडूनही जाई. म्हणून बाया "आणते ना, नाना" म्हणत आणि घरी जाऊन गप्प बसत.

ती त्यांतलीच. तिशीची, कपाळावर ठसठशीत कुंकू. रक्ताचा निकाल वाईट आला तेव्हा मी तिला मोठ्या गांभीर्याने 'उपदंश' म्हणून सांगितलं, आणि तुम्ही आतून ओरडलात, "गरमी म्हणा हो, नाहीतर तिला वाटेल पदवी मिळाली!" ती हसली. सुई घेतली, पण उठेना. तिचा मालक रावेरची केळी मुंबईला नेणारा ड्रायव्हर, घर वाटेवरच, पारोळ्याला. "त्याच्या बायकोला सातवा लागलाय," ती म्हणाली. "पोराला होईल का हो?" तुम्ही चष्मा काढून पुसायला घेतलात. चांगलं सांगायचं असलं की तुम्ही चष्मा पुसत नव्हतात. "होऊ शकतं," म्हणालात. "दोघांनाही सुई हवी. वेळ थोडा आहे."

दुसऱ्या दिवशी ती कागदात गुंडाळलेली हिरवी साडी घेऊन हजर. "तिच्या माहेरी कुणी नाही. ओटीची साडी मीच घेतली, त्याला कुठला रंग कळतोय! त्याला सांगितलंय, साडी दवाखान्यात राहिली, डॉक्टर तुझ्याच हातात देतील. गुरुवारी गाडी इथून जाईल. पुढचं तुम्ही बघा. माझं नाव तेवढं नको." तुम्ही साडी कपाटावर ठेवलीत, सुया उकळायच्या भांड्याच्या वर, आणि मला म्हणालात, "काय शास्त्रीबुवा, तुमच्या एका वाक्यापेक्षा हे बरं आहे."

गुरुवार उजाडतो. ती बाहेर बाकावर येऊन बसत नाही, कारण त्याने बघायला नको. पण समोरच्या चहाच्या टपरीवर तिचा पदर दिसतो. रस्त्यावर ट्रक थांबला की मी खिडकीशी जातो. बारदानाचा ट्रक, कापसाचा ट्रक. केळ्यांचा येत नाही. नाहीच आला तर तो मुंबई करून थेट घरी जाणार. तुम्ही मान वर न करता विचारता, "ओठ का हलताहेत?" मी म्हणतो, "सुया मोजतोय."

दुपार कलताना तो दारात उभा राहिला. "साडी द्या साहेब, गाडी उभी शे."

"देतो. आधी बाही वर कर. इथून जाणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरचं रक्त बघतो आम्ही." इतकं धडधडीत खोटं तुम्ही इतक्या सरकारी आवाजात बोललात की क्षणभर मलाही ते परिपत्रक आठवलं.

"माल पिकी जाई ना, नाना!"

"अर्ध्या तासात केळं पिकत नाही. बस. घरात बाई पोटुशी आहे ना? मग सुईही आजच. आणि आल्यावर तिलाही आण."

तो चपापला. "कोनी सांगं तुमले?"

"साडीच्या रंगाने," तुम्ही म्हणालात.

त्यानंतरचा आठवडा कसा गेला ते विचारू नका. पण बायको आली, तीच साडी नेसून. बाकावर नेमकी आपली ही बसलेली, नुकतीच पुढची सुई घेऊन. ही सरकली. "बठ ना."

"तुमले बी सुई शे का, अक्का?"

"मनी व्हई गई," आपली झाल्याचं हिने सांगितलं. मग पदराकडे बघत म्हणाली, "रंग चांगला शे."

"यासनी आनी," बायको नवऱ्याकडे बघत लाजून म्हणाली. 'हे' तेव्हा व्हरांड्यात भिंतीवरचं देवीच्या लशीचं जुनं चित्र डोळे फाडून वाचत होते.

पोर जन्मायच्या आधीच, त्या थंडीत, तुम्ही गेलात. उरलेले दिवस मी एकटाच खिडकीशी जात राहिलो. सातव्यात दिलेली सुई पोचली असेल का, हे विचारायला तुमच्या खुर्चीत तुम्ही नव्हतात. मग एका सकाळी साडी ठेवून गेलेली ती आली. "मुलगी झाली! रक्त बघितलं, काही नाही निघालं. रडते म्हणे अशी की पारोळ्याचा किल्ला हलतो. नाना कुठायत?"

मी सांगितलं. ती बाकावर बसली. मग डोळे पुसत, जरा चिडूनच म्हणाली, "मग आता मालकाला कोण रागावणार? त्याची एक तपासणी राहिलीय की." आणि पिशवीतून त्याचा ट्रान्झिस्टर काढून माझ्या टेबलावर ठेवला. "इथं राहिला म्हणून सांगते."

तो आला, नाना. ट्रान्झिस्टरही घेऊन गेला, तपासणीही करून गेला.

हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून घरातच राहील. तुम्ही देव मानत नव्हतात, आणि मी श्लोक फक्त परीक्षेपुरते पाठ केलेत असं तुम्हाला सांगत आलो होतो. त्या गुरुवारी मी सुया मोजत नव्हतो. लहानपणचं स्तोत्र म्हणत होतो, मधलं कडवं आठवत नव्हतं म्हणून पुन्हा पुन्हा पहिल्यापासून.